सेगेदचं स्थळ

लग्नाच्या मुलीला स्थळ आलं की चौकशी करायची असते, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. घर स्वतःचं की भाड्याचं, पाणी किती वेळ येतं, सासूचा स्वभाव कसा, मुलाचं आधी कुठे ठरून मोडलंय का, हे सगळं मिरजेतल्या बायका भाजी निवडता निवडता काढून घेतात. मी त्यातलीच. फक्त माझ्या मुलीला पहिलं स्थळ आलं ते माणसाचं नव्हतं, गावाचं होतं. हंगेरीतलं सेगेद.

मी सौदीत हफ्र अल बातिनला सरकारी हॉस्पिटलात डायलिसिसची नर्स आहे. वीसेक वर्षं झाली. नवरा जुबैलला कारखान्यात शिफ्ट करतो, पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो आणि आला की झोपतो. एकुलती मुलगी इथल्या भारतीय शाळेतून बारावी झाली आणि डॉक्टरकी शिकायला हंगेरीला गेली. गल्फमधली बरीच मुलं हल्ली तिकडे जातात. शिकेल आणि परत येईल असं आम्ही धरून चाललो होतो. परत म्हणजे मिरजेला. तिथे आमचा फ्लॅट आहे, गल्लोगल्ली दवाखाने आहेत. म्हातारपणी एका खोलीत आम्ही दोघं आणि दुसरीत ती, एवढंच मला हवं होतं. इथे जी वर्षं मी पायांवर उभी राहून काढली ती त्या दोन खोल्यांकडे बघून काढली. आणि शेवटच्या वर्षाला आल्यावर मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मला इथेच राहायचंय. सेगेदमध्ये."

"इथेच म्हणजे किती दिवस?"

"म्हणजे... इथेच. फॉर गुड."

मी मनात म्हटलं, चला, पोरीने स्वतःच स्थळ ठरवून आणलं. आणि तेव्हापासून त्या गावाला मी 'तुझं स्थळ' म्हणू लागले. काय म्हणतंय तुझं स्थळ? बर्फ पडला का तुझ्या स्थळाकडे? तिचं मराठी बेताचंच आहे. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत नाही तर हिंदीत उत्तर द्यायचं, अशीच ती मोठी झाली. तिच्यासाठी कुणी कधी स्थळ बघितलेलं नाही, त्यामुळे त्या शब्दाची दुसरी बाजू तिच्या कानावर यायचं कारण नव्हतं. तिच्या लेखी स्थळ म्हणजे सेगेद, आणि आई ते जरा तिरकस म्हणते.

नाकारायचं ठरवलेल्या स्थळाची चौकशी माणूस जास्त बारकाईने करतो. मीही केली. ड्यूटी संपवून आले की बादलीत गरम पाणी घ्यायचं, त्यात पाय सोडून बसायचं आणि फोन लावायचा. ती चालत असायची आणि मी तिच्या हातातून ते गाव बघत असायचे.

आधी नावाचंच घ्या. लिहितात एस, झेड, ई, जी, ई, डी. मी वर्षभर 'स्झेगेड' म्हणत होते, अगदी जीभ वळवून. एक दिवस ती म्हणाली, "आई, झेड म्हणायचा नसतो." म्हणायचा नसेल तर लिहिता कशाला? त्यात अरबीत हंगेरीला मजर म्हणतात. आमच्याकडे डायलिसिसला येणाऱ्या एका म्हातारीने विचारलं, मुलगी कुठे असते, तर मी म्हटलं, "फिल मजर," हंगेरीत. पलीकडच्या मशीनवर हैदराबादची सिस्टर होती, तिच्या कानावर पडलं 'मजार', म्हणजे थडगं. बिचारी हातातलं काम टाकून आली आणि मला पोटाशी धरून विचारायला लागली, "कब हुआ?" डोळ्यांत पाणी. मी हसत हसत तिला समजावलं खरं, पण दिवसभर काही ते माझ्या मनातून गेलं नाही.

गाव सपाट आहे. टेकडी नाही, चढ नाही. सर्बिया आणि रोमानियाची सीमा जवळ. हफ्रलाही कुवेत जवळ, इराक जवळ. म्हणजे पोरीने सीमेवरचं एक सपाट गाव सोडून सीमेवरचं दुसरं सपाट गाव धरलं. फरक इतकाच की तिथे मध्यातून नदी वाहते. तिसा तिचं नाव. हफ्रमध्ये नदी म्हणून जी आहे ती वाळूची. तिला पाणी कधी होतं हे नकाशालाच ठाऊक.

तर ही तिसा. कृष्णेसारखी, आपली आपली चाललेली. आणि कृष्णेसारखीच एकदा अंगावर आलेली. फार जुनी गोष्ट आहे, पण सगळं गाव वाहून गेलं, उभी राहिलेली घरं बोटांवर मोजण्याएवढी. मुलगी मला पूर समजावून सांगायला लागली तेव्हा मी म्हटलं, बाई, मिरजेच्या माणसाला पूर शिकवू नकोस. पुढे काय झालं ते सांग. पुढे असं झालं की दुसऱ्या देशांतून मदत आली आणि गाव नव्याने बांधलं. गावाभोवती गोल रस्ता काढला आणि ज्या ज्या शहरांनी मदत केली त्यांची नावं त्या रस्त्याच्या तुकड्यांना दिली. एक तुकडा व्हिएन्नाचा, एक पॅरिसचा, एक लंडनचा, एक रोमचा. मला ते आवडलं, हे कबूल करते. आमच्या रस्त्यांना ज्यांची नावं आहेत त्यांनी कधी बादलीभर पाणी उपसलं होतं का, कोण जाणे.

पूर ओसरल्यावर लोकांनी नवसही बोलला होता. म्हणून मधल्या चौकात विटांचं, दोन उंच मनोऱ्यांचं चर्च आहे, त्याचं नावच मुळी नवसाचं चर्च. फेडायला इतकी वर्षं लागली म्हणे की बोलणारे बरेचसे तोवर गेले होते. हे ऐकून मी म्हटलं, माणसं आपल्यातलीच दिसतात.

पण खोडी काढायच्या म्हटल्या की निघतातच. ते लोक आपल्या गावाला उन्हाचं शहर म्हणून मिरवतात, तिकडे सगळ्यात जास्त ऊन तिथेच पडतं म्हणून. हफ्रमध्ये राहणाऱ्या बाईला उन्हाचं कौतुक सांगू नये. शिवाय हिवाळ्यात दुपारचा चहा घेईपर्यंत तिथे अंधार होतो, हे मी माझ्या डोळ्यांनी फोनमध्ये बघितलंय. तिला विचारलं तर म्हणते, "लाइट्स असतात ना आई." लाइट्स असतात!

मग मिरची. सेगेद हे मिरचीचं गाव आहे. माळा करून टांगतात, कुटतात, डब्यांत भरून जगभर पाठवतात. तिथल्याच एका शास्त्रज्ञाने म्हणे ह्याच मिरचीतून सी जीवनसत्त्व काढलं. हळदीच्या पेठेशेजारी वाढलेल्या बाईला मिरचीचं गाव आवडायला काय हरकत होती? तिने एका मैत्रिणीबरोबर मला पाकीट पाठवलं, मी हौसेने आमटीत घातलं. आमटी लालभडक झाली. नवऱ्याने दोन घास खाल्ले आणि विचारलं, "तिखट घालायचं विसरलीस का गं?" जी मिरची झोंबत नाही तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? पण मुलगी त्याच मिरचीत नदीच्या माशाचं लाल कालवण करायला शिकली होती आणि ताटली कॅमेऱ्यापुढे धरून मला दाखवत होती. आमची मच्छी तिने कधी पोटभर खाल्ली नाही, काटे लागतात म्हणून.

एकदा तिने तिथल्या भरतकामाच्या चपला पाठवल्या. लाल मखमलीवर फुलं, टाच उंच, सेगेदच्या म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांना पापुच म्हणतात. म्हणजे आपला पायपोसच की, कुठून कुठे गेला कुणास ठाऊक. मी फार कौतुकाने घालायला गेले, पण ड्यूटीनंतर माझे पाय सुजलेले असतात. बोटांपर्यंतही शिरल्या नाहीत. तिला सांगितलं, अगदी मापाच्या आहेत.

मला जे खरं लागलं ते वेगळंच. पेशंटशी बोलायला तिथे बाहेरून आलेल्या मुलांना हंगेरियन शिकावं लागतं. 'कुठे दुखतंय?' हे मी अरबीत रोज तीसचाळीस वेळा विचारते, ती हंगेरियनमध्ये विचारते. एकदा ती वॉर्डातून बाहेर पडत होती, फोन चालू होता आणि ती कुणा म्हाताऱ्या बाईशी बोलत होती. बाई हसत सुटली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, तिथले खेड्यातले लोक बोलताना 'ए'च्या जागी 'ओ'सारखं काहीतरी काढतात, आणि तीही आता नकळत तसंच बोलते. शहरातले तिला हसतात, खेड्यातले खूश होतात. माझ्या पोरीला मराठीत 'ळ' नीट म्हणता येत नाही, आणि तिथलं गावठी तिच्या जिभेवर बसलं होतं. मला हसूही आलं आणि रागही. स्थळ पुढे गेलंय, हे मला तेव्हा कळलं.

मी तिकडे एकदाही गेले नाही. रजा मिळाली की सासूसासऱ्यांसाठी मिरज गाठायची, उरलेल्यात झोपायचं. व्हिसासाठी रियाधला खेप, त्याआधी हॉस्पिटलची परवानगी, वॉर्डात माणसं कमी. दर उन्हाळ्यात ठरायचं आणि दर उन्हाळ्यात राहायचं. तीही इथे येऊ शकत नव्हती, म्हणजे घरी म्हणून येऊ शकत नव्हती. बाहेर राहिली, सज्ञान झाली, इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना रद्द झाला, खलास. ज्या खोलीत ती पाढे पाठ करायची त्या खोलीत तिला आता व्हिजिट व्हिसावर यावं लागतं. म्हणून तर मला मिरज हवी होती. दाराशी कुणी कागद मागणार नाही असं एक गाव तिला असावं, असं मला वाटत होतं, आणि अजूनही वाटतं.

हे मी तिला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मिरजमध्ये मी कायम गेस्ट होते, आई. सुट्टीत आलेली. सगळे विचारायचे, कधी आलीस, कधी जाणार. इथे कोणी विचारत नाही."

"आज विचारत नाहीत. उद्या विचारतील. मी वीस वर्षं परक्यांत काढली, मला नको शिकवूस."

"ओके," ती म्हणाली. "मुलांच्या वॉर्डमध्ये मला जागा देतायत. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू मनापासून हो म्हणालीस तर कळवीन. नाही म्हणालीस तर येते परत. प्रॉमिस."

म्हणजे किल्ली माझ्या हातात आली. मी हो म्हणाले नाही. नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही. आपल्याकडे 'बघू' म्हणून एक सोयीचा शब्द आहे, त्यावर मी सगळा हिवाळा काढला. ती दर फोनला विचारायची, मी दर फोनला बघू म्हणायचे आणि दोघी दमून फोन ठेवायचो.

अशात मिरजेहून माझ्या थोरल्या नणंदेचा फोन आला. ताईंनी खरोखरचं स्थळ आणलं होतं. मुलगा हाडांचा डॉक्टर, मिरजेतच दवाखाना, आई शिक्षिका, घरात भांडणतंटा नाही. ह्या वेळची चौकशी दोन फोनमध्ये झाली आणि एकही खोडी निघाली नाही, का ते सांगायला नको. ताई म्हणाल्या, "मुलाचा फोटो, माहिती, सगळं मी पोरीला परस्पर पाठवते. तू नुसतं तिचं मन काढ." त्यांनी पाठवलंही. पण त्यांच्याकडे तिचा जुना सौदीचा नंबर होता, केव्हाच बंद पडलेला. हे मला नंतर कळलं.

दोन दिवस वाट बघितली. ती काहीच बोलेना. शेवटी दुपारची ड्यूटी सुटल्यावर, कपडे बदलायच्या खोलीत, एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत मी तिला आवाजी निरोप पाठवला. फोन करायची छाती नव्हती. काय बोलले ते शब्द न शब्द आठवतं: "बाळा, ते स्थळ मला पसंत आहे. बाबांनाही पसंत आहे. मी सगळी चौकशी केली. माणसं चांगली दिसतात, तुला जीव लावतील. तुझं हो असेल तर माझंही मनापासून हो."

बूट घालून होईपर्यंत उत्तर आलं. रडत होती पोर. "हो आई! हो, हो, हो! आय कान्ट बिलीव्ह इट. थँक यू, आई."

मी तिथेच बाकावर बसले आणि पदर नसल्यामुळे युनिफॉर्मच्या बाहीने डोळे पुसले. मग ताईंना फोन करून सांगितलं, हो कळवा. नवऱ्याला सांगितलं. तो त्या आठवड्यात घरी यायची पाळी नसताना जुबैलहून गाडी हाणत आला, मटण आणि रव्याचा गोड बासबुसा घेऊन, आणि चक्क जागा राहिला. आम्ही दोघं खरंच आनंदात होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ड्यूटीनंतर माझे पाय दुखले नाहीत, किंवा दुखले असतील तर मला कळलं नाही. पोरीला काय, एका रात्रीत मिरज कशी पटली, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी तो पडू दिला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. ती तिसेच्या पुलावर उभी होती, वाऱ्याने केस तोंडावर येत होते.

"आई, मी हॉस्पिटलला सांगितलं. सोमवारी साइन करायचंय."

"कुठल्या हॉस्पिटलला?" मी विचारलं.

"कुठल्या म्हणजे? इथल्या. सेगेदच्या. तू हो म्हणालीस ना." आणि हसून म्हणाली, "अच्छा, एक फनी गोष्ट. मिरजेचा कोणी मुलगा मला ऑनलाइन शोधून मेसेज करतोय. म्हणतो, तुमच्या घरून होकार आलाय, आता आपण बोलू या का. हू इज धिस गाय?"

बादलीतलं पाणी गार झालं होतं. मी पाय बाहेरही काढले नाहीत.

सगळं माझ्या लक्षात आलं. एका वाक्याचं काम होतं. बाळा, मी त्या मुलाबद्दल विचारलं होतं, तुझ्या गावाला माझं अजून हो नाही. तिने सही थांबवली असती. परत आली असती. शब्द दिला होता तिने, आणि दिलेला शब्द मोडणारी ती पोर नाही.

"आई, दिसतेयस ना? फ्रीझ झालीस का?" ती म्हणाली. मग जरा थांबून, मराठी शब्द शोधत शोधत म्हणाली, "तू पहिल्यांदा माझ्या स्थळाला चांगलं म्हणालीस. मी तुझा मेसेज वॉर्डमध्ये सगळ्यांना ऐकवला. त्यांना काही कळलं नाही, तरी ऐकवला. ती म्हातारी पेशंट आहे ना, ती म्हणाली, तुझ्या आईचा आवाज दमलेला आहे."

"दमलेलाच आहे," मी म्हटलं.

"मग? हा मुलगा कोण?"

"कुणी नाही गं. त्या लोकांचा गैरसमज झाला. मी तुझ्या गावाला हो म्हटलं, त्यांना वाटलं त्यांनाच म्हटलं."

ती पुलावर पोट धरून हसली. मीही हसले. हसता येतं, इतक्या वर्षांच्या पेशंटांनी ते शिकवलंय. मग तिने फोन फिरवून मला नदी दाखवली, मी छान आहे म्हटलं आणि चार्जिंग संपतंय असं सांगून कॉल ठेवला.

ताईंना सांगायचं माझ्यावरच आलं. नवरा म्हणाला, तूच बोल, मला जमणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला.

"अगं, परवा तर हो म्हणालीस की!" ताई ओरडल्याच. "पोरखेळ आहे का? मी तोंड कुठे दाखवू?"

"ताई, चुकलंच माझं. पण तिला आधीच एक स्थळ आलं होतं. तिकडे ठरलं."

"तिकडे? म्हणजे गोरा आहे काय?"

"मुलगा नाही हो. गाव आहे."

ताईंनी मला ते दोनदा म्हणायला लावलं. मग ताई म्हणाल्या, "गावाशी कुणी संसार करतं होय? उद्या पोर तापाने फणफणली तर पेलाभर पाणी काय गाव आणून देणार आहे?"

मी एवढी नदी बघितली, रस्ते बघितले, मिरची चाखली, आणि पेलाभर पाण्याची चौकशी मात्र राहून गेली. मी तसं सांगितलं.

"आणि तरी तू हो म्हणालीस?"

"म्हणाले."

"तुला हवं होतं का ते?"

"नाही."

"मग कशाला म्हणालीस बाई?"

"तिने मला विचारलं होतं, ताई," मी म्हटलं. "न विचारता तिकडेच राहिली असती तर मला भांडता आलं असतं."